पाळी जाण्याचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पाळी अजून गेली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रात्री अडीच-तीनला जाग यायची ती छातीतल्या धडधडीनं. मग मानेपासून वर गरम लाट चढायची आणि केसांच्या मुळाशी घाम फुटायचा. पांघरूण लाथाडून, उशी उलटी करून तिची गार बाजू गालाला लावायची. दहा मिनिटांनी ओल्या गाउनमध्ये कुडकुडत तेच पांघरूण पुन्हा ओढायचं. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. आठ महिने याचा पाळीशी संबंध कुणी जोडला नाही, मीही नाही, कारण पाळी तर येत होती.

त्यानंतर मैत्रिणींनी, बहिणींनी, ऑफिसातल्या मुलींनी त्यांच्या आयांसाठी जे जे विचारलं ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. औषध सुरू करायचं ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

पाळी गेली असं नेमकं कधी म्हणायचं?

सलग 12 महिने पाळी आली नाही की. अकराव्या महिन्यात आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक बायकांमध्ये हे 45 ते 55 या वयात घडतं. ज्या सिगारेट ओढतात त्यांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते.

पण खरा गोंधळ त्याच्या आधीच्या काळाचा आहे. डॉक्टर त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. तो सरासरी चार वर्षं चालतो, काहींचा आठ-दहा वर्षंही. त्रास बहुतेकींना इथेच सुरू होतो, आणि ‘पाळी येतेय म्हणजे हे ते नसणार’ असं समजून आपण भलतीकडे शोधत बसतो.

पाळी येतेय, मग ओळखायचं कसं?

पहिली खूण पाळीच्या तारखांमध्ये असते. ज्यांची पाळी वर्षानुवर्षं घड्याळासारखी आली, त्यांचं चक्र अचानक 23 दिवसांचं, मग 35 दिवसांचं होतं. कधी दोन महिने येत नाही, मग आली की थांबत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या काळात हळूहळू, सरळ रेषेत कमी होत नाही. ते वर-खाली हेलकावे खात कमी होतं. म्हणून एक महिना अगदी छान जातो आणि पुढच्या महिन्यात स्वतःचीच ओळख पटत नाही.

बाकीच्या खुणा विखुरलेल्या असतात. गरम वाफा आणि रात्रीचा घाम सगळ्यांना माहीत आहे. पण पहाटे जाग येऊन परत झोप न लागणं, सकाळी बोटांचे सांधे आखडणं, धडधड, पाळीच्या आधी वाढलेली अर्धशिशी, स्तन दुखणं, कातडी कोरडी पडून खाज सुटणं, कारण नसताना डोळे भरून येणं, बोलताना साधा शब्द न आठवणं, हेसुद्धा याच घरचं असू शकतं. ‘असू शकतं’ असं मुद्दाम म्हणते आहे. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल तर तो त्रास पाळीच्या खात्यावर टाकून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

मला सगळ्यात उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. तारीख, पाळी आली की नाही, किती गेलं, झोप कशी लागली, वाफा किती वेळा आल्या, एवढंच रोज एका ओळीत लिहायचं. तीन महिन्यांनी ती पानं उलटली आणि वर्षभर जे कळलं नव्हतं ते समोर दिसलं.

रक्ताची तपासणी केली की कळेल ना?

पंचेचाळिशीच्या पुढे असाल आणि लक्षणं जुळत असतील, तर सहसा गरज नसते. एफएसएच नावाच्या संप्रेरकाची तपासणी सांगतात खरी, पण या काळात ते आज जास्त, पुढच्या महिन्यात नॉर्मल असं होत राहतं. एका रिपोर्टवरून ‘तुमचं तसं काही नाही’ असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणं कामाचं. थायरॉईड बिघडला तरी घाम, धडधड, थकवा, पाळीतली गडबड अगदी अशीच होते. आणि हो, पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणीसुद्धा. वय 46 आहे म्हणून ती वगळायची नाही.

गरम वाफ येते म्हणजे शरीरात काय होतं?

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान किंचित इकडे-तिकडे झालं तरी तो दुर्लक्ष करतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी जास्त उत्तेजित होतात आणि हे दुर्लक्ष करण्याचं अंतर फार अरुंद होतं. मग खोली थोडी गरम झाली, गरम काही प्यायलं किंवा कशानं तरी दचकलो, एवढ्यावर शरीराला वाटतं की आपण तापलो. ते कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम सोडतं. चेहरा लाल होतो, हृदय जोरात धावतं. साधारण एक ते पाच मिनिटांत लाट ओसरते, आणि गरजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर गेल्यामुळे नंतर थंडी वाजते. माझ्या ओल्या गाउनमधल्या कुडकुडण्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

साधारण दहापैकी सात-आठ जणींना कमी-अधिक वाफा येतात.

किती दिवस चालतं हे?

दिवस नाही, वर्षं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ या मोठ्या पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींमध्ये त्या 7.4 वर्षांहून जास्त टिकल्या, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या त्यांच्यात त्याहूनही जास्त. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. ‘सहा महिने कळ काढ, जाईल’ असं सांगणाऱ्यांसाठी देते आहे. सात वर्षं झोपेविना काढायची हा सल्ला होऊ शकत नाही.

औषध न घेता काय करता येईल?

झोपायची खोली गार ठेवा, पंखा हाताशी असू द्या. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्या, म्हणजे अर्धंच काढता येतं. दिवसा कपड्यांचे थर असावेत, वरचा चटकन काढता येईल असा. दारू, तिखट, गरम पेय, बंद खोलीतली गर्दी यांपैकी तुमची वाफ कशानं पेटते ते वहीतूनच कळेल. प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून सगळंच सोडायची गरज नाही. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यानं वाफा कमी होतात असं दिसलं आहे.

कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचं समुपदेशन, हा उपाय मला आधी थट्टेचा वाटला होता. घाम शरीराला येतोय, त्यावर बोलून काय होणार? पण त्याचा फायदा अभ्यासांत दिसला आहे: वाफ आली तरी तिचा धसका कमी होतो, आणि झोपेवर तर चांगला परिणाम होतो. त्यातली एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटं झोप येईना, तर कूस बदलत घड्याळ बघू नका. उठून मंद उजेडात काहीतरी शांतपणे करा आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर या.

हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. खरं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर एका शब्दात दिलं की नुकसानच होतं.

हा उपाय म्हणजे कमी झालेलं इस्ट्रोजेन औषधातून देणं. त्याबद्दलची ही भीती प्रामुख्यानं 2002 सालची. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत 16,000 हून जास्त बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखं औषध) एकत्र देण्याचा प्रयोग चालू होता. स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला म्हणून तो मुदतीआधी थांबवला. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी औषध टाकून दिलं. मथळ्यात न आलेला आकडा असा होता: दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या 8 केसेस जास्त. म्हणजे धोका खरा होता, पण लहान होता. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. मात्र पक्षाघाताचा धोका थोडा वाढला.

आज डॉक्टर साधारण असं बघतात: वय साठच्या आत आहे किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायची आहेत, वाफांनी हैराण आहे आणि घेऊ नये असं कारण नाही, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त. वाफांवर याच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही, आणि हाडांनाही त्याचं संरक्षण मिळतं. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तशाच प्रकारचं औषध घ्यावंच लागतं, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढून तिथे कर्करोगाचा धोका होतो. गोळीमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. कातडीवर लावायच्या पट्टीनं किंवा जेलनं तसा वाढलेला दिसत नाही. म्हणून ‘गोळीच का, पट्टी चालेल का?’ हे जरूर विचारा.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल, तर हे सहसा देत नाहीत. मैत्रिणीला मानवलं म्हणून तिच्या चिठ्ठीवरचं औषध आणून घेऊ नका.

हार्मोन घेता येत नाहीत किंवा नको वाटतात. मग?

तरीही रिकाम्या हातानं परत यायची वेळ नाही. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरोक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सिन, कमी मात्रेत वाफांवर चालतात; पॅरोक्सेटीनला अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये खास वाफांसाठी मान्यता दिली. गाबापेंटिन रात्रीच्या घामासाठी देतात, कारण त्यानं झोपही येते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटीन टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचा परिणाम त्यामुळे कमी होऊ शकतो. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

मेंदूतल्या त्या उत्तेजित चेतापेशींवर थेट काम करणारं फेझोलिनेटंट हे औषध 2023 मध्ये आलं. त्यात हार्मोन नाही, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

वनस्पतींची ‘नैसर्गिक’ औषधं सुरक्षित असतात ना?

नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित असतंच असं नाही. सोयामधल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकांबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. ब्लॅक कोहॉश घेणाऱ्या काहींना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पाळीत फार जातं. या वयात असंच व्हायचं का?

पाळी पुढे-मागे होणं या वयाचं आहे. पण तासातासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात-आठ दिवसांनंतरही न थांबणं, पाळी नसताना मध्येच किंवा संबंधानंतर रक्त दिसणं हे तपासायलाच हवं. फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप (आतल्या अस्तरावर आलेला लहानसा कोंब), अस्तराची वाढ यांपैकी काही असू शकतं, आणि उपाय पिशवी काढण्यापासूनच सुरू होतात असंही नाही. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे.

माझ्या थोरल्या बहिणीनं असं जवळजवळ वर्षभर अंगावर काढलं. जिना चढताना कठड्याला धरून मध्येच थांबायची आणि म्हणायची, वय झालं गं. हिमोग्लोबिन सात निघालं. लोह सुरू केल्यावर दोन-अडीच महिन्यांत ती न थांबता वर आली. मी वरच्या पायरीवर उभी होते आणि मला तिच्या त्या सगळ्या वर्षाचं फार वाईट वाटलं.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली. काल जरासा डाग दिसला. वाट बघू का?

नाही. पाळी गेल्यानंतर एकदा दिसलेला, फिकट गुलाबी, दुखत नसलेला डागसुद्धा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कारण बहुतेक वेळा साधंच असतं, योनीचा कोरडेपणा किंवा पॉलिप. पण अशा साधारण दहा जणींपैकी एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो. तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे उत्तर आईला, सासूला, मावशीला वाचून दाखवा. आपल्या आधीच्या पिढीतल्या बायका हे कुणाला सांगतच नाहीत.

चिडचिड होते, रडू येतं, काही लक्षात राहत नाही. हे वेडेपण आहे का? स्मृतिभ्रंश आहे का?

दोन्ही नाही. झोप मोडलेली आणि संप्रेरकं हेलकावे खाणारी, अशा अवस्थेत मन ताळ्यावर राहणं अवघडच. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलं आहे, बाळंतपणानंतर उदासी आली होती किंवा पाळीच्या आधी मन फार खालावायचं, त्यांना या काळात जास्त जपावं लागतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल तर मदत घ्या. जगणं नको असं वाटलं, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे किंवा हेल्पलाइनवर पोहोचा.

विसराळूपणाबद्दल: शब्द जिभेवर येऊन अडकणं, खोलीत कशासाठी आलो ते विसरणं, वर्षानुवर्षं वापरलेला पासवर्ड बोटांना न आठवणं हे या काळात फार जणींना होतं, आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. नेहमीचा रस्ता चुकणं किंवा रोजचे हिशेब अजिबात न जमणं ही वेगळी गोष्ट आहे, ती तपासून घ्यावी.

संबंधाच्या वेळी दुखतं. हे कुणाला सांगायचं?

स्त्रीरोगतज्ज्ञांना. अगदी याच शब्दांत. वाफा कधी ना कधी ओसरतात, पण योनीचा कोरडेपणा उपाय केला नाही तर वर्षागणिक वाढतो. त्याच्याबरोबर लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, घाईची लघवी हेही येतं. संबंध ठेवत नसलेल्या बायकांनाही हा त्रास होतोच, बसताना-चालताना टोचतं.

संबंधाच्या वेळी ल्युब्रिकंट वापरा. योनीसाठीचं मॉइश्चरायझर मात्र आठवड्यातून दोन-तीनदा नियमित लावायचं असतं. तेवढ्यानं भागलं नाही तर योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं, क्रीम किंवा छोटी गोळी. त्यातलं रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे पोटात घ्यायच्या हार्मोनची भीती त्याला लावू नये; फक्त स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. आतून साबणानं धुऊ नका. शिंकताना लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून निदान तीन महिने करा. नवऱ्याशी किंवा जोडीदाराशीही बोला. दुखतं म्हणून टाळलं आणि कारण सांगितलं नाही, तर समोरच्याला ते मन उडाल्यासारखं वाटतं.

पिशवी काढली आहे. मला हे सगळं होईल?

अंडाशयं ठेवली आहेत की काढली, यावर आहे. ठेवली असतील तर पाळी थांबते, पण संप्रेरकं चालू राहतात. रजोनिवृत्ती आपल्या वेळेला किंवा थोडी आधी येते. पाळीची खूण नसल्यामुळे ती लक्षणांवरूनच ओळखावी लागते. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर ती एका दिवसात येते आणि त्रास जास्त जोरात होतो. ऑपरेशनचे कागद नीट ठेवा. काय काढलं हे माहीतच नाही अशा कितीतरी जणी मला भेटल्या आहेत.

चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर?

शंभरात किमान एकीला असं होतं. इथे ‘लवकर सुटलीस’ म्हणून गप्प बसायचं नाही. हाडं आणि हृदय यांना इस्ट्रोजेनचा आधार फार लवकर तुटतो, म्हणून घेऊ नये असं कारण नसेल तर पाळी जाण्याच्या सर्वसाधारण वयापर्यंत हार्मोन देतात. अशा वेळी रक्ताच्या तपासण्या मात्र नक्की कराव्या लागतात.

या वयात दिवस राहू शकतात का?

हो. पाळी शेवटची कधी आली ते बघा: पन्नाशीच्या आत असाल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवा. वाफांसाठी घेतलेली हार्मोनची गोळी गर्भनिरोधक नसते.

हाडं, वजन, हृदय यांचं काय?

शेवटच्या पाळीच्या आसपास आणि पुढची काही वर्षं हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, आणि ती झीज दुखत नाही. पन्नाशीनंतर दिवसाला सुमारे 1,200 मिलीग्राम कॅल्शियम मिळायला हवं, शक्यतो जेवणातून. आई-वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असेल किंवा तुम्ही बराच काळ स्टेरॉइड घेतले असतील तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लवकर करायची का, ते विचारा. व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा वजनं उचला. स्नायू कमी होत जातात म्हणूनच तेवढंच खाऊन पोटाचा घेर वाढतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघा, कारण पाळी गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं.

घरच्यांनी काय करावं?

‘तुझं हल्ली फार वाढलंय’ हे वाक्य बंद करावं. रात्री पंखा लावला तर स्वतः पांघरूण घ्यावं. दवाखान्यात सोबत जावं.

डॉक्टर म्हणाले, ‘वयाचं आहे, होतं असं.’ आता?

वयाचं आहे हे खरंच आहे. चष्माही वयामुळेच लागतो, पण डॉक्टर आपल्याला नंबर काढून देतात. पुढच्या वेळी वहीची तीन महिन्यांची पानं घेऊन जा आणि आत शिरल्या शिरल्या सगळ्यात मोठा त्रास पहिल्या वाक्यात सांगा: ‘रात्रीतून पाच वेळा घामानं उठते, दिवसा काम होत नाही.’ आपण आधी गुडघे, मग पित्त सांगतो आणि मुख्य गोष्ट दारातून निघताना. मग विचारा: मला हार्मोन चालतील का, चालत नसतील तर का, त्याऐवजी काय, आणि परत कधी येऊ. चालू औषधांची यादी, घरातल्या कर्करोगाची आणि गुठळ्यांची माहिती कागदावर लिहून न्या. या चार प्रश्नांची उत्तरं तिथे मिळालीच नाहीत, तर तीच वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. मी तशीच गेले होते. तिसऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीसमोर ती वही कुणीतरी हातात घेऊन वाचली.